खिशांतला चाकू स्वयंपाकघरांत



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. तरवारीचा इतिहास सांगतात, तोफांचा सांगतात. पण मिटून खिशांत घालावयाच्या चाकूनें कांदा चिरण्याचा इतिहास सांगण्यास कोणी बसला आहे, असें सहसा ऐकूं येत नाहीं. मी हिंगोली जिल्ह्यांतील एक निवृत्त शाळामास्तर आहें. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत झालें, आणि पुढील सारें आयुष्य खेड्यापाड्यांतील मुलांस बेरीज-वजाबाकी व थोडा इतिहास शिकविण्यांत गेलें. परंतु माझ्या आजोबांचा एक चाकू आज माझ्या खिशांत आहे, आणि त्यानें मीं जेवढ्या पेन्सिली तासल्या त्याहून कितीतरी अधिक वांगीं चिरलीं आहेत. तेव्हां या एका विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असें मी धरून चालतों.

हा चाकू चार बोटें लांब आहे. मूठ हाडाची, एका बाजूस तिला तडा गेलेला. पात्याच्या बुडाशीं इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी होत्या. त्यांपैकीं वरची झिजून गेली, खालच्या ओळींतला ‘शेफील्ड’ एवढाच शब्द राहिला आहे. निजामी अमदानींत, हाली शिक्क्याचे रुपये चालत असतां, आजोबांनीं तो हिंगोलीच्या बाजारांत घेतला. घेतला तो लेखणीसाठीं. स्वयंपाकघरांत त्याचा प्रवेश पुष्कळ उशिरां झाला, आणि तोहि भांडणावांचून झाला नाहीं.

भांडण कां झालें हें समजण्यासाठीं आपल्याकडील चिरण्याची रीत कशी होती तें आधीं पाहिलें पाहिजे. आपल्या घरांत चिरण्याचें काम सुरीचें नव्हे, विळीचें. विलायतेंत पदार्थ फळीवर स्थिर ठेवितात आणि पातें फिरवितात. आपल्याकडे पातें पाटावर स्थिर असतें आणि पदार्थ फिरतो. बाई एक पाय पाटावर दाबून बसते, पात्याची धार तिच्याकडे तोंड करून असते, आणि ती भाजी दोन्ही हातांनीं धरून पुढें ढकलते. दोन्ही हात मोकळे राहिल्यानें पालेभाजीची जुडी असो वा शेवग्याची शेंग असो, धरणें सोपें जातें. फळी लागत नाहीं, आणि चिरलेलें थेट खालच्या ताटांत पडतें. कोंकणांत विळीच्या टोंकाला खोवणी हवीच. आमच्या मराठवाड्यांत नारळाची रोजची गरज नाहीं, म्हणून पुष्कळ घरांत साधी विळी चालते. खेड्यांतल्या बायका तिला ‘इळी’ म्हणतात.

विळी घरची, आणि विशेषतः बायकांची. पुरुषाच्या हातीं असे तो विळा, कोयता आणि अडकित्ता. बार्शीच्या अडकित्त्यांचा लौकिक आमच्याकडे जुना आहे, आणि कच्छांतील अंजार गांव तर अडकित्ते व चाकू या दोहोंसाठींहि प्रसिद्ध आहे. पुण्यास कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं आयुष्यभर जमविलेला आणि महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला वस्तुसंग्रह ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस अडकित्त्यांच्या घडणींत आपल्या कारागिरांनीं किती कल्पना लढविल्या आहेत तें ठाऊकच असेल. मला त्यांत एक गोष्ट मौजेची वाटते. सुपारीसारख्या किरकोळ पदार्थासाठीं आपण इतकें नक्षीचें हत्यार घडविलें, आणि ज्यावर रोजचें जेवण अवलंबून त्या विळीला बहुधा साधा ओबडधोबड पाट दिला. तें असो.

मिटणारें पातें आपणांस अगदींच परकें होतें असें मात्र नव्हे. यात्रेकरूंसाठीं घडीची विळी असते. तिचें पातें पाटाच्या एका टोंकाशीं खिळ्यावर फिरतें, आणि काम संपलें कीं पाटावर आडवें निजतें. गाठोड्यांत घातली तरी कोणाला लागत नाहीं. पण तीहि विळीच. बसावयास जागा हवी, पाय ठेवावयास पाट हवा. उभ्या उभ्या, शेताच्या बांधावर किंवा आगगाडीच्या डब्यांत, हातांत धरून कांहीं कापावयाचें तर तिचा उपयोग नाहीं. तेथें चाकू लागतो.

आतां ‘चाकू’ हा शब्दच पाहा. सुरी आपली, संस्कृत क्षुरिकेची लेंक. चाकू आला तो फारशीच्या वाटेनें. त्याच वाटेनें आणखी एक शब्द आला, तो आतां बहुतेकांच्या विस्मरणांत गेला आहे. तो म्हणजे ‘कलमतराश’, लेखणी तासण्याचा चाकू. निजामच्या राज्यांत कचेऱ्यांचें काम आधीं फारशींत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूंत चाले. गांवचे कुलकर्णी आपलें दप्तर मोडींत ठेवीत. लिपी कोणतीहि असो, लिहिणें बोरूनें. आणि बोरूची गोष्ट अशी कीं, त्याचें टोंक दोन-चार पानें लिहून होतांच बोथट होतें. तें पुन्हा तिरकें छाटावें लागतें, मध्यें बारीक चीर द्यावी लागते. इंग्रजींतील ‘पेननाइफ’ या शब्दांतहि तीच कथा आहे. तेथें बोरूच्या जागीं पिसाची लेखणी होती एवढेंच. म्हणजे ज्याला ज्याला लिहितां येई त्याच्या जवळ एक लहान, धारदार आणि मिटून ठेवतां येईल असें पातें असणें भागच होतें. आमच्या घरांत चाकू आला तो विद्येच्या हातांत हात घालून आला, असें मी आजोबांच्या वतीनें अभिमानानें सांगतों.

मिटत्या चाकूची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियांतील हॉलस्टाट येथें हाडाच्या मुठीचा असा चाकू सांपडला, तो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयांत रोमन काळांतील, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील, रुप्याचें एक उपकरण आहे. त्यांत पातें, चमचा, कांटा, टोंचणी हीं सारीं एका मुठींत मिटतात. कोणा खवय्या प्रवाशाचें तें असावें. परंतु या जुन्या चाकूंत पातें केवळ खिळ्याच्या घट्टपणावर उघडें राही. सतराव्या शतकांत शेफील्डच्या कारागिरांनीं मुठीच्या पाठींत पोलादाची कमान बसविण्यास आरंभ केला, आणि पातें उघडतांना व मिटतांना जो ‘खट्’ असा आवाज होतो तो तेव्हांपासूनचा. जोसेफ रॉजर्स आणि पुत्र या शेफील्डच्या पेढीचे चाकू पुढें सगळ्या जगांत गेले. हिंदुस्थानांतहि त्यांचें नांव इतकें झालें कीं चांगल्या चाकूला लोक रॉजर्सचाच चाकू म्हणत, मग तो कोणाचाहि असो.

येथें मला थोडें विषयाबाहेर जावयाचें आहे, पण तें आमच्या शेजारचेंच प्रकरण आहे. विलायती चाकूचें आपण कौतुक करतों, परंतु त्या कौतुकाच्या आधींची हकीकत निराळी आहे. १७९४ सालीं मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं ‘वूट्झ’ नांवाच्या दक्षिणी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले. पुढच्या वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यावर निबंध वाचला. त्यांत असें नमूद आहे कीं सोसायटीच्या अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट नांवाच्या लंडनच्या चाकूवाल्यानें या पोलादाचा एक तुकडा ठोकून त्याचें पातें घडविलें. आणि तें पातें कशाचें, तर लेखणीच्या चाकूचें! स्टोडार्ट या पोलादावर इतका खूष झाला कीं पुढें त्यानें मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाबरोबर १८२० आणि १८२२ सालीं पोलादाच्या मिश्रणांवर निबंध लिहिले. विजेच्या शोधांनीं पुढें जगद्विख्यात झालेल्या फॅरडेची ही आरंभींची कामगिरी. हें वूट्झ जेथें होत असे त्या नामांकित जागांपैकीं एक कोनासमुद्रम्. तें नांदेडापलीकडे, गोदावरीच्या दक्षिणेस, निर्मळपासून थोड्या मैलांवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हेन्री व्हॉयसे या डॉक्टरानें तेथील भट्ट्या पाहिल्या, तेव्हां पोलाद नेण्यासाठीं इराणांतून, इस्पाहानाहून, व्यापारी येऊन बसलेला त्याला आढळला. मातीच्या मुशींत लोखंड आणि वनस्पतीचा अंश घालून, मूस लिंपून, ती भट्टींत कितीतरी वेळ ठेवावयाची, अशी ती रीत. आतां विचार करा, हिंगोलीहून बैलगाडीनें कांहीं दिवसांच्या वाटेवर जगांतलें उत्तम पोलाद होत होतें, आणि शंभर वर्षांनंतर माझे आजोबा हिंगोलीच्या बाजारांत शेफील्डचा चाकू घेत होते. मधल्या शंभर वर्षांत काय झालें तो हिंदुस्थानच्या सर्व धंद्यांचाच इतिहास आहे. यंत्राचें स्वस्त पोलाद आलें, भट्टीला लागणारें जंगल सरकारच्या ताब्यांत गेलें, आणि मुशी थंड झाल्या.

हिंगोलीच्या बाजाराविषयींहि एक शब्द सांगितला पाहिजे. हिंगोलीस निजामच्या खर्चानें पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमांत असलेल्या फौजेची, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची, छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदुस्थानी लष्करांत मिळविण्यांत आली. छावणी म्हटली कीं गोरे अधिकारी आले, आणि त्यांच्या मागोमाग मुंबईचा माल आला. मेडोज टेलर याच्या १८३९ सालच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या प्रसिद्ध कादंबरीच्या प्रस्तावनेंत हिंगोलीच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत आहे. हरिसिंग त्याचें नांव. छावणींतल्या साहेब लोकांचा त्याच्याशीं रोजचा व्यवहार. मुंबईहून कापड आणण्यासाठीं त्यानें रीतसर परवाना मागून घेतला. मग तसलेंच कापड घेऊन येणाऱ्या दुसऱ्या एका व्यापाऱ्यास वाटेंत गांठून त्याचा खून केला, आणि त्याच परवान्यावर तो माल हिंगोलींत आणून उघड उघड विकला. हा सद्गृहस्थ ठगांचा पुढारी होता! ठगांचें हत्यार रुमाल, चाकू नव्हे, हें माझ्या विषयाच्या इभ्रतीसाठीं येथें सांगून ठेवितों. १९१२ सालीं पूर्णेहून हिंगोलीपर्यंत लोहमार्ग आला, कापसाची पेठ वाढली, आणि बाहेरचा माल येणें आणखी सोपें झालें. दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीस मोठी गर्दी लोटते. तो उत्सव दीडशेहून अधिक वर्षांचा म्हणून सांगतात. माझ्या लहानपणीं तेथें फरशीवर चादर टाकून चाकूवाले बसत. पोरें आठ आण्यांच्या चाकूकडे टक लावून उभीं राहत, आणि त्यांच्या आया त्यांस दंड धरून ओढून नेत.

आतां त्या भांडणाकडे येतों. आजोबांनीं एकदां उन्हाळ्यांत कैऱ्या चिरण्यासाठीं आपला चाकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत नेला. आजी सोंवळ्यांत होती. तिनें विचारलें, “मूठ कशाची?” आजोबा गप्प राहिले. मूठ हाडाची होती, आणि कोणत्या प्राण्याचें हाड हें शेफील्डवाल्यासच ठाऊक. आजीनें चाकू बाहेर टाकावयास लाविला, कैऱ्या टाकावयास लाविल्या, आणि उंबऱ्यावर पाणी शिंपडलें. पुढें वडिलांनीं पितळी मुठीचा एक चाकू आणला तेव्हां तो मात्र तिनें घासून, चुलींत तापवून आंत घेतला. हंसण्यासारखी गोष्ट आहे खरी. परंतु आज मला वाटतें कीं आजीच्या रागांत थोडें तथ्यहि होतें. जो चाकू दिवसभर खिशांत राहतो, नाणीं, तपकीर, सुतळीचा तुकडा यांच्या संगतींत वावरतो, ज्यानें बोरू तासला, पायांतला कांटा काढला, बैलाच्या वेसणीची दोरी तोडली, तो न धुतां कांद्यावर चालवावा हें सोंवळें न मानणाऱ्यालाहि पटूं नये.

आणि मिटत्या चाकूचा हाच मोठा दोष आहे. त्याच्या मुठींत पात्यासाठीं जी खांच असते तींत अन्नाचा कण गेला कीं तो सहजीं निघत नाहीं. कांद्याचा रस, लिंबाचें आंबट, मीठ खिळ्यापाशीं सांचतें, आणि पंधरा दिवसांत पातें कुरकुरूं लागतें. मीं पुढें स्वतःसाठीं एक नेम केला. काम होतांच पातें उघडें ठेवूनच धुवावयाचें, खांचेंतून कडुनिंबाची काडी फिरवावयाची, फडक्यानें पुसून उन्हांत वाळवावयाचें, आणि आठवड्यांतून एकदां खिळ्यावर करडईच्या तेलाचा एक थेंब सोडावयाचा. जुन्या पोलादावर कैरी किंवा चिंच लागली कीं काळा डाग पडतो आणि भाजीलाहि लोखंडाची चव येते. हा त्रास न गंजणाऱ्या पोलादानें वांचविला. तें पोलाद १९१३ सालीं शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यानें सिद्ध केलें. मात्र माझ्या अनुभवांत जुन्या पोलादाला जी धार चढते ती कोपऱ्यावरच्या दगडावर दहा वेळां घांसतांच चढते. नवें पातें कांहीं तितकें लवकर ऐकत नाहीं. आमच्या भागांत ओल्या हळदीचें लोणचें घालतात. वसमतच्या बाजूस हळद निघाली कीं घरोघर तिच्या चकत्या होतात. त्या दिवसांत माझा चाकू पिवळा, माझीं बोटें पिवळीं, आणि सदऱ्याचा खिसाहि पिवळा.

युरोपांत हा चाकू स्वयंपाकघरांत न जातां थेट जेवणांत गेला. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० सालीं शेतकऱ्यांसाठीं लांकडी मुठीचा साधा चाकू काढला. तेथील मजूर दुपारीं तोच उघडून पाव, चीज व मांस कापून खातो आणि चड्डीच्या पायाला पुसून खिशांत घालतो. स्वित्झर्लंडनें १८९१ सालीं आपल्या शिपायांस जो चाकू दिला त्याचीं ठरलेलीं कामें दोन, बंदूक खोलणें आणि डब्यांतलें अन्न उघडणें. त्याच कार्ल एल्सनर यानें १८९७ सालीं अधिकाऱ्यांसाठीं हलका चाकू काढला, तोच पुढें जगप्रसिद्ध झाला. आपल्याकडे तसें कां झालें नाहीं? माझ्या मतें कारण सरळ आहे. आपल्या ताटांत येणारें सर्व अन्न आधींच चिरून, कुटून, शिजवून येतें, आणि भाकरी हातानेंच मोडावयाची असते. शेतांत कांदा लागला तर तो बुक्कीनें फोडावयाचा. चाकूनें चिरलेल्या कांद्याला ती चव नाहीं, असें कोणीहि कुणबी शपथेवर सांगेल. राहिलें वाळूक. तें मात्र बांधावर बसून चाकूनेंच कापावें, फोडींना मीठ-तिखट लावावें, आणि बोलूं नये.

आमच्याकडे चाकू स्वयंपाकाला लागला तो एकट्या पुरुषाच्या बिऱ्हाडीं. माझी पहिली नेमणूक औंढ्याच्या बाजूच्या एका खेड्यांत झाली, तेव्हां मी अविवाहित होतों. खोलींत एक वातीचा स्टोव्ह, दोन पातेलीं, तवा, आणि खिशांत आजोबांचा चाकू. अविवाहित पुरुषानें बाजारांतून विळी विकत आणावी हें त्या काळीं विचित्र दिसे. गांवांत मास्तरच्या लग्नाच्या वावड्या उठल्या असत्या. म्हणून चार वर्षें सारें चाकूवरच भागविलें. मिरची, कांदा, भेंडी, वांगें, दोडका, लिंबू, आलें यांत तो कोठेंहि कमी पडला नाहीं; वांग्याला भरण्यासाठीं चार चिरा देणें तर विळीपेक्षां चाकूनेंच सुबक होतें. मेथीची जुडी मात्र त्याच्यानें नीट कापली जात नसे. आणि लाल भोपळ्यानें मला आयुष्याची शिक्षा दिली.

आपल्यांत अखंड भोपळा किंवा कोहळा बायका कापीत नाहींत. पहिला घाव पुरुषानें घालावयाचा, मग त्यांनीं चिरावयाचा. शेजारच्या म्हातारीनें त्यासाठींच मला हांक मारिली. मीं ऐटींत चाकू काढला आणि टोंक भोपळ्यांत खुपसलें. तें रुतून बसलें. काढण्यासाठीं मीं मूठ धारेच्या बाजूकडे वांकविली, कमान सुटली, आणि पातें माझ्या तर्जनीवर मिटलें. त्या चाकूचें गणित असें आहे. धारेनें खालीं दाबून कापाल तोंवर पदार्थाचा उलटा दाब पात्याला अधिकच उघडें ठेवितो. पण पात्याच्या पाठीवर जोर आला कीं तें मिटावयास धांवतें, आणि त्याला अडवावयास पाठीच्या कमानीवांचून दुसरें कांहीं नसतें. म्हणून मिटत्या चाकूनें खुपसूं नये आणि उचकटूं नये. ओपिनेलच्या चाकूला १९५५ सालीं जी फिरती कडी बसविली ती या अपघातासाठींच. माझ्या चाकूला कडी नव्हती. म्हातारीनें जखमेंत हळद भरली, आणि भोपळा दुसऱ्या कोणाकडून फोडून घेतला.

आतां एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला सुख होत नाहीं. सिनेमानें चाकूचें नांव खराब केलें, हें आपण जाणतांच. उत्तर प्रदेशांतील रामपूरचे कारागीर खटक्याचे लांब चाकू करण्यांत निष्णात; पडद्यावरील प्रत्येक गुंडाच्या हातांत तो रामपुरी आला, आणि ‘खट्’ हा आवाज ऐकतांच प्रेक्षकांनीं श्वास रोखावयाचा, असा संकेतच झाला. आतां त्याच रामपुरानें २०२३ सालीं चौकांत वीस फुटांचा चाकू उभारून आपल्या कारागिरीचा अभिमान प्रगट केला आहे. कायद्याला हा फरक पूर्वींच समजला होता. १९५९ च्या शस्त्र-कायद्याखालीं जे नियम १९६२ सालीं झाले त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत गणला, परंतु घरकामासाठीं, शेतीसाठीं केलेलीं पातीं वगळलीं. कायद्यास जें कळलें तें एका मास्तरास कळलें नाहीं.

ही गोष्ट १९९६ च्या सुमाराची. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती. निराळा जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. मी सातवीस शिकवीत असें. एके दिवशीं एका मुलाच्या खिशांतून चाकू खालीं पडला. तांबड्या मुठीचा, जत्रेंतला, तीन इंचांचा. वर्गांत एकच गिल्ला झाला. मीं त्याला उभें केलें. तो म्हणाला, “गुर्जी, मारामारीचा न्हाई हो, कांद्याचा हाय.” सारा वर्ग हंसला, आणि मीहि हंसलों. मीं दोन छड्या मारल्या आणि चाकू टेबलाच्या खणांत टाकून कुलूप लाविलें. वास्तविक त्या क्षणीं माझ्या स्वतःच्या खिशांत चाकू होता.

मुलगा दोन दिवस शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मी त्याच्या वस्तीवर गेलों. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, ते उन्हाळ्याच्या तोंडाशीं परतावयाचे. घरीं आजी होती, तिला दिसत नसे. आणि पांच वर्षांची बहीण. आईनें जातांना कोयता तर नेलाच, पण तळावर स्वयंपाक करावयाचा म्हणून घरची इळीहि नेली होती. राहिला होता तो हा तांबड्या मुठीचा चाकू. हा बारा वर्षांचा पोर सकाळीं भाकरी थापून, कांदा-मिरची चिरून, आजीला व बहिणीला वाढून शाळेंत येत असे. आणि बहीण खेळतांना बोट कापून घेईल म्हणून चाकू घरीं न ठेवतां खिशांत घेऊन येत असे. मीं विचारलें, “दोन दिवस काय खाल्लें?” तो म्हणाला, “तिखट-मिठासंगं भाकर.” शाळा कां बुडविली, या प्रश्नाला त्यानें उत्तर दिलें नाहीं. चुलीपाशीं एका फुटक्या ताटलींत चार वांगीं तशींच अखंड पडलीं होतीं.

चाकू मी बरोबर नेला नव्हता. नेला पाहिजे होता. पण मी निघालों होतों तो मुलाला ओरडण्यासाठीं. मीं आपल्या खिशांतला काढला आणि तेथेंच बसून तीं वांगीं चिरलीं. मुलगा माझ्या हाताकडे पाहत होता. “गुर्जी,” तो म्हणाला, “तुमच्याकडं बी हाय की.” मीं होय म्हटलें. दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वीं त्याचा चाकू त्याला परत दिला, आणि तो कागदांत गुंडाळून दप्तरांत ठेवावयास सांगितलें. वर्गापुढें मात्र मीं कांहीं बोललों नाहीं. छड्या वर्गापुढें मारल्या होत्या.

आतां आमच्या घरीं विळी माळ्यावर आहे. गॅसची शेगडी आली तेव्हां ओटा आला, ओटा आला तेव्हां उभ्यानें स्वयंपाक आला, आणि उभ्यानें विळी चालत नाहीं. म्हणून फळी आणि सुरी आली. आपल्या शहरांतल्या घरीं हा बदल आमच्या आधीं वीस-पंचवीस वर्षें तरी झाला असेल. माझ्या पत्नीचे गुडघे आतां दुखतात, तिला खालीं बसवत नाहीं. एरवीं ती विळीवरून उठली नसती. सुरीनें चिरलेली कोथिंबीर तिला अजून पसंत नाहीं. भाजी चिरण्याचें काम बहुतेक मजकडेच आहे. ओट्यावर मुलानें आणलेल्या तीन चकचकीत सुऱ्या आहेत. मी खिशांतलाच वापरतों. त्याबद्दल घरांत रोज एकदां तरी बोलणें होतें.

खंडेनवमीला मात्र सारीं हत्यारें एकत्र येतात. विळी माळ्यावरून उतरते, अडकित्ता निघतो, कातर, कोयता, मुलाच्या तीन सुऱ्या, आणि पाटाच्या कडेला आजोबांचा चाकू. पत्नी सर्वांना हळद-कुंकू लावते. हाडाच्या मुठीला तिनें पहिल्या वर्षीं जरा थांबून लाविलें होतें. आतां थांबत नाहीं. तो दिवसभर तसाच उघडा ठेवावयाचा असतो, आणि त्या दिवशीं कांहीं चिरावयाचें नसतें, म्हणून भाजी आदल्या रात्रींच चिरून ठेवितों.